मंगळवारचं सूप

ऑरेस्टने डोक्यावर साबणाचा फेस चोळला आणि वस्तरा ओला केला. कानामागची पांढरी लव आता बोटांना लागू लागली होती. दीड वर्ष तिची वाट पाहिली होती. ती त्याने सावकाश उतरवली.

शरीर स्वतःच्याच केसांवर उलटलं होतं, सगळे केस गळून गेले होते. स्टिरॉइडने साखर चढली, चेहरा सुजला. मग रेजायना शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्टिरॉइड कमी करत आणलं आणि प्रतिकारशक्ती आवरणारं मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आठवड्यातून एकदा गोळ्या, अधूनमधून रक्ततपासणी, दारू बंद, आजारी माणसांपासून लांब. क्लबातली बियर सुटली, तसे तिथले मित्रही सुटले.

औषधाच्या दुकानात शेजारीण वर्ना त्याच्या मागेच रांगेत होती. तिने बाटलीवरचं औषधाचं नाव वाचलं. तिच्या वारलेल्या नवऱ्याला, मायरनला, कॅन्सरमध्ये हेच औषध द्यायचे.

"ऑरेस्ट, सांगायचं नाही का रे?"

आपल्याला कॅन्सर नाही, हे त्याने सांगितलं नाही. पुढच्या मंगळवारी ती बोर्श्ट, म्हणजे बीटचं सूप, घेऊन दारात उभी होती. तेव्हापासून एकही मंगळवार चुकला नव्हता.

आजही तिने बुटांवरचा बर्फ झटकला, भांडं शेगडीवर ठेवलं आणि त्याला वाढलं.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"आहे तसंच."

त्याच्या कानाखाली फेस राहिला होता. वर्नाने रुमालाने तो पुसला. उतरवायची राहिलेली लव बोटांना लागली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"केस यायला लागलेत तुझे."

ऑरेस्ट वाटीत बघत राहिला.

"मायरनला घास जायचा नाही," ती म्हणाली. "तू पहिल्याच मंगळवारी तीन वाट्या संपवल्यास. वर ब्रेड मागितलास. मला काय कळत नाही?"

"मग येत का राहिलीस?"

वर्ना शेगडीकडे वळली. झाकण काढून उगाचच ढवळत राहिली.

"एकटीपुरतं सूप करायला जमत नाही मला. कितीही कमी करायला घेतलं तरी उरतं."

बाहेर बर्फ हटवणारी गाडी घरघरत गेली. ऑरेस्ट उठला आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला.

वर्नाने खुर्चीकडे पाहिलं. मग कपाटातून दुसरी वाटी काढली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःला वाढून घेतलं.