मला न घाबरलेली वाचक

मी एक कादंबरी बोलतेय, खिडकीजवळच्या कपाटातून, खालच्या फळीवरून. इकडेतिकडे काय बघताय? काळं कव्हर, त्यावर अर्धवट उघडलेलं दार आणि दाराच्या फटीतून आत आलेली पांढरीफटक बोटं. हं, तीच मी, ‘उंबऱ्यावरचा पाहुणा’. भयकादंबरी आहे मी, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला भारी गर्व होता.

माझ्या पोटात एक पाहुणा राहतो. व्हॅम्पायर म्हणतात ना, त्यातला. माणसांच्या रक्तावर जगतो, आरशात दिसत नाही, आणि घरातल्या कुणी ‘आत या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून बिचारा सभ्यपणे दार वाजवतो. त्या सभ्यपणाचीच लोकांना जास्त भीती वाटते.

जन्माचं मला धड आठवत नाही. शाईचा वास, यंत्राची धडधड, आणि मग मोठमोठ्या कागदांच्या घड्या पडत गेल्या. एकेका घडीला फर्मा म्हणतात. असे बरेच फर्मे एकावर एक ठेवून पाठीत दोरा घातला, आणि मी ‘मी’ झाले. मिटलेलं पुस्तक कधी पुरतं झोपत नाही, नुसतं पेंगतं. तशी पेंगत पेंगतच मी या लायब्ररीत आले.

इथल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी उघडलं, दोन पानं वाचली आणि मिटून टाकलं. “बाई गं! हे मी घरी नेणार नाही,” म्हणाल्या, आणि येईल त्याच्या हातात मात्र मला ठेवू लागल्या. माणसाचं हे मला कधी कळलं नाही. स्वतःला भीती वाटली की ती आधी दुसऱ्याला वाटून टाकतात!

काय एकेक वाचक मिळाले म्हणून सांगू! एक पेन्शनर हवालदार होते, मिशा अशा की चोराने बघूनच कबूल व्हावं. ते मला फक्त भर दुपारी, रस्त्याकडे तोंड करून वाचायचे, आणि बायको स्वयंपाकघरात गेली की तेही पाठोपाठ जायचे. “अहो, आज माझी एवढी आठवण?” ती हसायची. दातांचे डॉक्टर मला वाचताना सारखे म्हणायचे, “असा सुळा असूच शकत नाही, हिरडीत बसणारच नाही.” पण म्हणता म्हणता स्वतःच्या मानेवरून हात फिरवायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

एवढ्या हातांतून गेल्यावर माझं काय व्हायचं? घामेजलेल्या बोटांनी पानांचे कोपरे झिजले, पानांचे आकडे कोपऱ्यांबरोबर गेले, पाठ मोडली. बाईंनी मला बाइंडरकडे पाठवलं.

बाइंडर म्हणजे देवमाणूस, आणि जगातला सगळ्यात भित्रा जीव. झुरळ दिसलं की स्टुलावर चढायचा. पण हात सोन्याचे. त्याची एक पद्धत होती. फर्मे सुटे केले की प्रत्येकाची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ मोठ्याने वाचायची, जुळली तरच पुढे जायचं. या एका पद्धतीवर त्याचं एकही पुस्तक कधी चुकलं नव्हतं. मला मात्र त्याने उघडलं, त्याची नजर नेमकी मानेवर दात टेकण्याच्या ओळीवर पडली आणि त्याची पाचावर धारण बसली. त्याने डोळे घट्ट मिटले. माझे फर्मे नुसते चाचपून, सरळ करून शिवले, आणि शेवटचे दोन उलटसुलट झाले. मला कळत होतं हो, पण पुस्तकाने ओरडायचं कसं?

माझा खरा शेवट असा आहे. एक म्हातारी दार उघडते. समोर कोण आहे हे तिला पुरतं ठाऊक असतं. ती म्हणते, “आत या, दमला असाल.” तिथे एक फर्मा संपतो. शेवटच्या फर्म्यात कळतं, की तो सापळा होता. दाराआड गाव दबा धरून बसलेलं असतं, आणि पाहुण्याला उंबऱ्यावरच संपवतात. आता बाइंडरच्या कृपेने झालं काय, तर पाहुणा आधी मेला आणि मग परत येऊन दारात उभा राहिला. म्हातारी म्हणाली, “आत या, दमला असाल.” आणि पुढे कोरा पुठ्ठा!

लोकांची गाळण उडाली. मेलेला परत येतो म्हणजे काय! सगळ्या गल्लीने ‘आत या’ म्हणणंच सोडून दिलं. कुणी आलं की दार उघडायचं, “हं” म्हणायचं आणि पाठ फिरवायची, ज्याला यायचं तो आपसूक येईल. एका सासूबाईंनी तर जावयाला मिठाईच्या पुड्यासकट दारात ताटकळत ठेवलं. तो मोठा मानापमानाचा माणूस, बोलावल्याशिवाय येईना. आणि त्या बोलवीनात. शेवटी शेजारणीने हाताला धरून त्याला आत ओढला. मी कपाटात पडून हे ऐकायचे आणि गालातल्या गालात हसायचे. मला वाटायचं, माझ्यासारखी मीच.

आणि मग भिंगरी आली.

भिंगरी हे तिच्या आत्याने ठेवलेलं नाव. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून. आता मात्र लायब्ररीच्या तीन पायऱ्या चढून आली की खुर्चीत बसून राहायची. आईवडील नव्हते, आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात ती काजं-बटणं करायची. जन्मापासून तिच्या अंगात रक्त टिकायचं नाही. दर काही आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन दुसऱ्याचं रक्त चढवून घ्यायचं, की पुढचे काही आठवडे तिचे. असं लहानाची मोठी होईपर्यंत चाललं होतं.

मधे एकदा रक्तपेढीत तिच्या गटाचं रक्त नव्हतं. आत्याने फोनवर फोन करून नातेवाइकांना गोळा केलं. त्यात मामा सहज बोलून गेला, “आणखी किती जणांचं रक्त लागणार आहे हिला?” भिंगरी दाराशीच उभी होती. तेव्हापासून तिने जायचं बंद केलं. ठरलेल्या दोन खेपा चुकवल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. आत्या रोज हातापाया पडायची आणि ती रोज म्हणायची, “उद्या बघू.” डॉक्टरांनी आत्याला स्पष्ट सांगितलं होतं, की असं चाललं तर पोरगी हातची जाईल.

अशात तिने मला मागितलं. “रक्त पिणाऱ्याची गोष्ट आहे ना? द्या. माझ्याच जातकुळीतला दिसतोय.” बाईंनी मला तिच्या हातात दिलं.

तिने मला दुकानाच्या खिडकीत बसून वाचलं. ऊन तिच्या हातावरून माझ्या पानावर यायचं, शिलाई मशीन दूर कुठेतरी चालल्यासारखं वाजायचं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण भीतीचं पुस्तक नाही, कुणाच्या तरी मांडीवर लागलेली डुलकी आहोत. मी दात दाखवले, वटवाघळं उडवली, थडगी उघडली. ही ढिम्म! उलट पाहुणा दार वाजवून थांबला की हिचेच डोळे भरायचे. शेवटच्या पानावर म्हातारी “आत या, दमला असाल” म्हणाली आणि ही हुंदके देऊन रडायला लागली.

आत्या मशीन सोडून धावली. “अगं, काय झालं? कशाला वाचतेस असलं भलतंसलतं?”

“आत्या, तिला ठाऊक होतं गं तो कोण आहे. तरी आत घेतलं.” मग डोळे पुसून म्हणाली, “चल, जाऊन येऊ हॉस्पिटलात.”

मलाही पिशवीत घातलं होतं. वॉर्डात सगळं पांढरं, संथ. बाटलीतून थेंब पडायचा, जरा थांबायचा, पुन्हा पडायचा. मी तिच्या उशाशी पेंगत होते. दिवस कलता कलता तिच्या ओठांवर रंग आला, आणि इतक्या वर्षांत लोकांचे चेहरे पांढरे करणाऱ्या मला ते बघून कसंसंच झालं. आनंदच तो, मला सवय नव्हती एवढंच.

पण सुखाला दृष्ट लागली. पुढची खेप जवळ आली होती. भिंगरी लायब्ररीत मला परत करत होती, आणि तिथे ते दातांचे डॉक्टर उभे. त्यांनी मला पाठ मोडण्याआधीच वाचलं होतं, आता सहज शेवट चाळला. “अहो बाई, या प्रतीचा शेवट चुकलाय! शेवटचे दोन भाग उलटे लागलेत. ती म्हातारी त्याला फसवते. सापळा असतो तो!” आणि मला उलटंपालटं करून सगळं साग्रसंगीत दाखवलं. चांगल्या मनाने हो, पण कुणासमोर बोलतोय याचा पत्ता नाही.

भिंगरीने दोन्ही भाग नीट क्रमाने वाचले, तिथेच उभी राहून. मग मला टेबलावर ठेवलं. “म्हणजे ते ‘आत या’ खोटं होतं,” एवढंच म्हणाली आणि गेली. मला माझीच लाज वाटली. जगाला भिववण्यासाठी जन्मलेली मी, आणि जिला धीर द्यावासा वाटला तिलाच फसवून बसले.

ठरलेला दिवस आला, भिंगरी गेली नाही. आत्या लायब्ररीत येऊन पदराने डोळे पुसत बसली. बाईंनी बाइंडरला बोलावून मला त्याच्यापुढे आपटलं आणि सगळी हकिकत सांगितली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो मला घेऊन गेला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. एकेक फर्मा सुटा केला, दातांच्या ओळीसकट सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. भीती वाटली की ओळीवर बोट दाबून धरायचा आणि पुढे वाचायचा. मग नीट शिवलं, मला काखेत मारलं आणि सकाळी थेट आत्याच्या दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला.

“मी बाइंडर. ते... माझ्या हातून झालं ते,” तो भिंगरीला म्हणाला. “भ्यायलो होतो. वाचलंच नव्हतं.”

“तुमचा काय दोष, काका? गोष्टच तशी आहे.”

“नाही गं. मी काल सगळी वाचली. त्या पाहुण्याला सगळ्या पुस्तकात एकाने तरी आपणहोऊन बाही वर करून हात पुढे केला का? एकानेही नाही. तो चोरून घेत होता. तुला माणसं देतात. त्याचं नि तुझं काय जुळतं?” बोलता बोलता त्याला दम लागला. “आता मी द्यायला निघालोय. पण सुई... सुईचं नाव काढलं तरी मी पळ काढतो. एकट्याने जायचं धाडस होत नाही. तू येतेस का सोबत?”

भिंगरीने हातातलं बटण खाली ठेवलं. “काका, तुम्ही एवढे मोठे, आणि सुईला घाबरता?”

“झुरळालासुद्धा घाबरतो,” तो कळवळून म्हणाला.

ती हसली. कित्येक दिवसांनी हसली असावी, कारण आत्याने मशीन थांबवलं आणि तोंडाला पदर लावला. “चला,” भिंगरी म्हणाली, “मी हात धरते. मला सवय आहे.”

रक्तपेढीत बाइंडरने मला तोंडासमोर उघडून धरलं. सुई दिसू नये म्हणून माझा आडोसा! ज्या ओळीवर त्याचे डोळे मिटले होते तीच ओळ तो आता डोळे फाडून वाचत होता. भिंगरी दुसऱ्या बाजूने सांगत होती, “झालं, काका, झालंच. मुठीची उघडझाप करा. असं. वा!” सुई निघाली तेव्हा बाइंडर घामाघूम झाला होता, पण शुद्धीवर होता. मग ती सिस्टरकडे वळली. “माझंही नाव लिहा, रक्त चढवून घ्यायला,” म्हणाली. “आणि हो, या काकांना काहीतरी गोड द्या आधी.”

त्यानंतर तिची एकही खेप चुकलेली नाही. बाइंडरही अधूनमधून जातो, घाबरत घाबरतच जातो, पण जातो.

माझं म्हणाल तर माझी आता पूर्वीची पत राहिली नाही. शेवट सरळ झाला आणि दरारा गेला. “एवढं काही नाही हं,” म्हणत लोक मला परत करतात. दुपारी कपाटाच्या काचेतून ऊन येतं, मी पेंगत पडते. कधीकधी त्या उन्हात भिंगरी येते, पायऱ्या एका दमात चढून, आत्याची पिशवी बाईंच्या टेबलावर टाकून. गाल लाल, तोंडाची टकळी चालू. माझ्यासमोरून सरळ पुढे जाते, विनोदी पुस्तकांच्या कपाटाशी. माझ्याकडे बघतही नाही.

मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. कुठल्या पुस्तकाला वाटणार नाही? पण वाचकांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही मला खुशाल न्या, घाबरा, नावं ठेवा. तिला मात्र माझी आठवण करून देऊ नका. तिने मला साफ विसरावं, आणि अशीच पायऱ्या धावत चढत म्हातारी व्हावं.