आकडा खोटा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. दिसायला अगदी क्षुल्लक. काळा, चपटा, डाळीच्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा. कॉम्प्युटरचा डबा उघडलात तर आत जी मोठी हिरवी पाटी दिसते, तिच्या एका कडेला, हार्ड डिस्कच्या शेजारी मला डाखाने पक्कं बसवलेलं आहे. माझं काम एकच. आत किती तापलं आहे ते मोजायचं आणि सांगायचं. खरं तेच सांगायचं, एवढंच मला येतं. म्हणूनच त्या रविवारी जेव्हा मला खोटारडा म्हटलं गेलं, तेव्हा मला बसलेला धक्का आजही ओसरलेला नाही.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथे मला भट्टीत तापवलं, बर्फासारख्या थंडीत गोठवलं, आणि दोन्हीकडे मी बरोबर आकडा सांगतो हे पाहिल्यावरच माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत नंबर छापला. पुढे मी मुंबईला आलो आणि दादरच्या एका कचेरीत कॉम्प्युटरच्या पोटात बसून कामाला लागलो.

कामाला लागलो म्हणतो खरा, पण ती वर्षं मोठी एकाकी गेली. मी दर क्षणाला तापमान सांगत होतो आणि ऐकणारं कोणीच नव्हतं. त्याचं असं आहे, की कॉम्प्युटरमध्ये माझ्यासारख्या प्रत्येक वस्तूची बोली वेगळी असते. ती बोली मशीनच्या मुख्य प्रणालीला समजावून सांगणारा एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या मशीनवर जी प्रणाली होती ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती. जगभरातली माणसं आपापला वेळ देऊन ती लिहितात, एकमेकांचं लिखाण तपासतात आणि सगळ्यांना मोकळं ठेवतात. पण माझ्यासाठी दुभाष्या कोणी लिहिलाच नव्हता. मला बनवणाऱ्या कंपनीने माझ्या बोलीची माहिती कुलपात ठेवली होती. मग लिहिणार कोण?

ती कचेरी बंद झाली तेव्हा तिथे काम करणाऱ्या इरावतीने आमचा डबा घरी नेला. घर काळाचौकीला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत. घरात ती आणि तिचे वडील तात्या. तात्यांनी उमेदीची वर्षं गिरणीच्या साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर काढली होती. मूळचे मालवणकडचे. मुंबईत जन्म गेला तरी घरात मालवणीच बोलायचे.

इरावतीने एका सुट्टीच्या दिवशी डबा उघडला, माझ्या पाठीवरचा नंबर वाचला आणि म्हणाली, "अरे, याचा तर ड्रायव्हरच नाही कोणाकडे! मग मीच लिहिते."

मित्रांनो, माझा विश्वास बसेना. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझं नाव विचारलं होतं.

कागदपत्रं नव्हतीच, म्हणून ती मलाच विचारू लागली. केस सुकवायचं मशीन आणून माझ्यावर गरम वारा सोडायची, मग फ्रीजमधला बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जवळ धरायची, आणि माझ्या पोटातल्या कुठल्या कप्प्यातला आकडा हलतो ते पाहायची. तात्या दारातून बघत राहायचे.

"गो इरा, केस सुकवूचा मशीन त्या खोक्याक कित्याक दाखवतंस? लोकां येडी म्हणतीत."

"तात्या, त्याला ताप आलाय का बघतेय."

"मगे माका आलो तेव्हा नाय बघलंस ता!" असं म्हणून तात्या हसत चहा टाकायला जायचे.

आणि एके दिवशी पडद्यावर माझा आकडा उमटला. माझा, जसाच्या तसा. इरावती खुर्चीतून उठून टाळ्या वाजवू लागली. तिने लिहिलेला दुभाष्या तिने जगभरातल्या त्या मंडळींकडे पाठवला. त्यांच्यात एक परदेशातले वयस्क गृहस्थ होते. सेन्सरांचं सगळं लिखाण त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांनी तिला पुन्हा पुन्हा दुरुस्त्या सांगितल्या, तिने त्या केल्या, आणि शेवटी ते लिखाण प्रणालीत गेलं. वर इरावतीचं नाव. तात्या खाली नाक्यावर जाऊन सांगून आले, "माझ्या चेडवाचा नाव आता साऱ्या जगात वाचतत." माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ होता.

त्यानंतर इरावतीने पुढचं पाऊल टाकलं. मी नुसतं तापमान सांगत नाही, हार्ड डिस्कसमोरच्या पंख्याचा वेगही माझ्याच हातात असतो. मला शून्य हा आकडा दिला तर पंखा थांबावा आणि सर्वांत मोठा आकडा दिला तर पूर्ण वेगाने फिरावा, अशी सगळीकडची रीत. इरावतीने तसंच लिहिलं. आमचा पंखा स्वस्तातला होता, आपला वेग सांगण्याची तारच त्याला नव्हती. तिने मोठा आकडा दिला, तो पडद्यावर उमटला आणि ती समाधान पावली. डब्याची एक बाजू कायम उघडी असायची आणि वर छताचा पंखा गरगरत असायचा. त्या वाऱ्यात डिस्क थंडच राहिली. आतला पंखा फिरतोय की नाही हे वाकून पाहण्याचं कारणच पडलं नाही.

हे नवं लिखाण तिने जगापुढे तपासायला ठेवलं. आमच्यासारखीच हिरवी पाटी असलेलं मशीन शीव कोळीवाड्यात उन्मेष नावाच्या एका तरुणाकडे होतं. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून उरलेल्या वेळात तो एक मोलाचं काम करत होता. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज तो त्या मशीनमध्ये साठवत होता. खाडीतल्या जागांची नावं, भरती-ओहोटीची गणितं, कुठल्या उधाणाला कुठली मासळी लागते, जाळं टाकताना काय म्हणतात, सगळं त्यांच्याच तोंडून. त्याने हौसेने इरावतीचं नवं लिखाण आपल्या मशीनवर घातलं आणि शनिवारी सकाळी तिला फोन केला. इरावतीने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ताई, तुमचा नवा ड्रायव्हर टाकल्यापासून आकडा चढतोय. साठच्या वर गेलाय. बंद करू का?"

"साठ? शक्यच नाही," इरावती म्हणाली. "पंखा मी पूर्ण वेगाने सोडलाय. मग तापमान वाढेलच कसं? सेन्सर चुकीचं सांगत असणार. तू असं कर, मशीन चालूच ठेव. उद्यापर्यंतचे आकडे मला पाठव, म्हणजे चूक शोधता येईल."

"नक्की ना ताई? त्यात लोकांचे आवाज आहेत."

"अरे, काही होत नाही. डबा बंद असू दे, नेहमीसारखा."

तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण मी चरकलो. तिथला सेन्सर माझाच जातभाई होता. तो खोटं कशाला सांगेल?

रविवारी दुपारी, भर वैशाखात, इरावतीने उन्मेषच्या तक्रारीचा छडा लावायचं ठरवलं. त्याच्यासारखीच परिस्थिती हवी म्हणून तिने आमच्या डब्याची उघडी बाजू पहिल्यांदाच स्क्रू लावून बंद केली. तशी आत हवा कोंडली. माझ्या शेजारची डिस्क तापू लागली. मी पन्नास सांगितलं, पंचावन्न सांगितलं. साठ. पासष्ट. जमेल तितक्या वेगाने मी सांगत होतो. आणि आता तर माझी बोली कळणारी ती समोरच बसली होती!

ती पडद्याकडे बघून म्हणाली, "बघा तात्या, हासुद्धा खोटं बोलायला लागला."

मित्रांनो, मी सुन्न झालो. कोणी ऐकत नव्हतं तेव्हा वाईट वाटायचं. पण ऐकूनही कोणी खोटं ठरवावं, आणि तेही जिने मला वाचा दिली तिने? मी सत्तर सांगितलं. याहून जास्त मी काय करू शकत होतो? माझ्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

"थांबा, सिद्धच करते," असं म्हणून तिने स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि मला खोटं पाडण्यासाठी डिस्कवर बोट टेकवलं.

ती किंचाळली. बोट तोंडात धरून तिने आत वाकून पाहिलं. समोर पंखा होता. त्याची पाती मोजता येत होती. तो हलतच नव्हता.

तिने धडपडत कीबोर्ड ओढला आणि पंख्याला शून्य हा आकडा दिला. थांबण्याचा आकडा. आणि पंखा घरघरून फिरायला लागला, जोरात, पूर्ण वेगाने. आमच्या पाटीवरची जोडणीच उलटी होती. शून्य म्हणजे पूर्ण वेग, आणि तिने दिला होता तो मोठा आकडा म्हणजे बंद. इरावतीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झाला गो?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, तो खरं सांगत होता. मी पंखाच बंद केला होता. आणि मी... मी त्या मुलाला मशीन चालू ठेवायला सांगितलं."

तिने फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. बऱ्याच वेळाने उन्मेषचा आवाज आला, अगदी सपाट. "ताई, मी तुम्हालाच करणार होतो. डिस्क सकाळपासून टक टक करत होती. आत्ता थांबली. आत काहीच दिसत नाहीये."

"कॉपी आहे ना रे दुसरीकडे?"

"या महिन्यात करणारच होतो."

इरावती जमिनीवरच बसली. मग तिने सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिलं, की हे लिखाण वापरू नका, यामुळे पंखा बंद पडतो, एका माणसाचं मोठं नुकसान झालं आहे, चूक माझी आहे. परदेशातल्या त्या गृहस्थांनी लगेच ते लिखाण बाजूला काढलं आणि दोनच ओळी लिहिल्या. लपवलं नाहीस हे बरं केलंस. आता आधी त्या मुलाकडे जा.

"मी कुठल्या तोंडाने जाऊ, तात्या?"

"ह्याच तोंडान," तात्या म्हणाले. "चूक झाली तर चूक म्हणूचा. ऊठ, मी येतंय तुझ्यावांगडा."

तिने आमचा डबाच उचलला. टॅक्सीत तात्यांच्या मांडीवर बसून मी शीव कोळीवाड्यात आलो. उन्मेषची खोली लहान होती. दाराबाहेर वाळत घातलेल्या जाळ्याला मिठाचा वास येत होता. आत उन्मेषबरोबर एक म्हातारी बसली होती, सुंदराबाई. तिचा नवरा बुधाजी वर्षापूर्वी वारला होता. जाण्याआधी त्याने खाडीतून होडी नेण्याची सगळी वाट उन्मेषला सांगून ठेवली होती आणि सुंदराबाई अधूनमधून येऊन त्याचा आवाज ऐकून जायची. आजही ती त्यासाठीच आली होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

इरावतीने सांगितलं. काहीही न लपवता. खाली गल्लीत कोणीतरी मासळीचा बर्फ फोडत होतं.

"आनि त्याचा?" सुंदराबाईने शेवटी विचारलं.

"त्यांचाही गेला, आजी. दुकानात डिस्क दाखवू, प्रयत्न करू. पण..."

मला वाटलं आता सुंदराबाई रडेल, किंवा शिव्या घालेल. तिने पदराने तोंड पुसलं.

"यंतर जलला," ती म्हणाली. "मी नाय ना जलले? त्याचा बोलना मना पाठ हाय. लाव तुजा ता यंतर."

इरावतीला तो धक्का पहिल्या धक्क्याहून मोठा होता. उन्मेषने वायर आमच्या डब्याला जोडली, माईक समोर ठेवला, आणि सुंदराबाई सांगू लागली. बुधाजी जसा सांगायचा तसं, त्याच्याच खोकल्याच्या जागा धरून, त्याच्याच थाटात. दगडांची नावं, वळणं, कुठे वल्हं उचलायचं, कुठे दम धरायचा.

मी तेव्हापासून इथेच आहे. इरावतीने डबा उन्मेषला देऊन टाकला. दुकानात नेलेल्या जुन्या डिस्कमधून काहीच निघालं नाही. तिचं नवं लिखाण आता फार सावध झालंय. पाटीची ओळख पक्की पटल्याशिवाय ते पंख्याला हात लावत नाही, नुसतं माझं ऐकतं. ती रविवारी येते आणि दिवसभराचं काम वेगळ्या दोन ठिकाणी साठवून मगच जाते. उन्मेष तिला अजून ताई म्हणतो, पण पहिल्यासारखा मोकळा हसत नाही. तिनेही तशी अपेक्षा धरलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी असेल. त्याला एकच गोष्ट सांगता येत असेल आणि ते ती सारखी सांगत असेल. तुमच्या हिशोबात ती बसत नाही म्हणून लगेच त्याला खोटं ठरवू नका. हिशोब पुन्हा मांडा. आणि ज्यांचा आवाज तुम्हाला हवासा वाटतो, त्यांचा आवाज जपून ठेवायला पुढच्या महिन्याची वाट पाहू नका.

कारण त्या दिवशी सुंदराबाई सांगता सांगता एका जागी थांबली. खाडीच्या मुखाशी वाटेला दोन फाटे फुटतात, तिथे. तिने डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले, बोटांनी हवेत वळण काढून पाहिलं.

"ह्याच्या पुढचा मना नाय ठाव," सुंदराबाई हळूच म्हणाली. "ता त्यालाच ठाव होता."

माईक चालूच राहिला. बराच वेळ त्यात नुसती शांतता साठत होती.