शॉर्टस्टॉपची जागा

"पण का नाही, सर?" मृणालीने खुर्ची पुढे ओढून पुन्हा तोच प्रश्न विचारला.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागातल्या साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला. "सांगितलं ना. मुलींचा सॉफ्टबॉल संघ आपण उतरवत नाही. कॉलेजं मुली पाठवत नाहीत."

"कॉलेज म्हणतं, विद्यापीठाचा संघच नाही, तर मुली कशाला पाठवायच्या?"

"तेही बरोबर आहे."

"मुलग्यांचा संघ आहे."

"त्यांना पाठवतात."

शेजारी बसलेल्या सुचिता मॅडमनी तिच्या कोपराला हात लावला. त्या तिच्या कॉलेजात खेळ शिकवायच्या. दोघी सकाळच्या लाँचने रेवसहून भाऊच्या धक्क्याला उतरल्या होत्या, आणि मृणाली वाटभर हेच संभाषण मनातल्या मनात जिंकत आली होती. इथे मात्र ते रहाटासारखं फिरून फिरून जागच्या जागी येत होतं.

"मुली आणल्या तर?" ती म्हणाली.

साहेबांनी कप बाजूला सारला. "दोन पुरे संघ उभे करून दाखव. नऊ-नऊ मुली, सगळ्या कॉलेजातल्या. मी स्वतः येतो. तिथेच निवड करू आणि यंदाच संघ उतरवू."

पुढचे दिवस मृणालीचा फोन कानावरून उतरला नाही. तळा गावच्या एका मुलीचे वडील म्हणाले, उन्हात काळी पडेल. मुरुडच्या प्राचार्यांना हा खेळ क्रिकेटच आहे की वेगळा, हे दोनदा समजावावं लागलं. कॉलेजचं मैदान क्रिकेटच्या स्पर्धेला गेलं होतं. शेवटी रेवसजवळचं भात कापून रिकामं झालेलं शेत मिळालं. मृणालीने आणि मॅडमनी त्यातली धसकटं उपटून चुन्याच्या रेघा मारल्या.

"नवऱ्याकडं जाऊन ह्येच उपटशील काय?" आई, नीराबाई, रोज विचारायची. मृणाली पुढचा फोन लावायची. तिचं भांडण विद्यापीठाशी होतं.

रविवारी साहेब खरंच आले. मुरुडच्या मुली एसटीने आल्या, अलिबागच्या टेम्पोतून. तळ्याच्या दोघींपैकी मात्र एकच उतरली.

"दुसरी कुठाय?"

"तिला आज बघायला येणार हायेत."

मृणालीने हातातला चेंडू जमिनीवर आपटला. एका बाजूला नऊ, दुसरीकडे आठ. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

बांधावर राही भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. मृणालीच्या भावाची, विनेशची, बायको. विनेश बोटीवर गेला होता, म्हणून जेवण घेऊन तीच आली होती.

"मी उभी ऱ्हाऊ?" तिने विचारलं.

"वयनी, तू भाकऱ्या बघ," मृणाली वैतागून म्हणाली. "इथं खेळणाऱ्या मुली हव्यात."

राहीने टोपली खाली ठेवली. सुचिता मॅडमनीच तिच्या हातात ग्लोव्ह दिला. "वेळ जातोय. उभी राहा."

राहीने ओढणी कमरेला बांधली, चपला बांधावर काढल्या आणि कुणी न सांगता दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपला जाऊन उभी राहिली. तिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात.

मृणाली पिचिंगला होती. तिसराच चेंडू मुरुडच्या मुलीने जोरात मारला. खडबडीत जमिनीवर उसळ्या घेत तो मृणालीच्या बाजूने निघून गेला. ती वळेपर्यंत राही खाली वाकली होती. चेंडू उचलून तिने तो पहिल्या बेसवर फेकला, सरळ, छातीच्या उंचीवर. मुलगी बाद झाली.

तेव्हा मृणालीला आठवलं. शाळेत असताना तिचा संघ मुरुडकडून हरला होता, आणि ती मॅच मुरुडकडून खेळणाऱ्या राहीने ह्याच जागेवरून, ह्याच हाताने काढून घेतली होती. विनेशचं राहीशी लग्न ठरलं तेव्हा मृणालीनेच हे घरात कौतुकाने सांगितलं होतं. नंतर तो विषय कुणी काढला नव्हता.

खेळ संपला तेव्हा साहेब उन्हातच उभे होते. "ही पोरगी हवी," ते म्हणाले. "कुठल्या कॉलेजची?"

"कुठल्याच न्हाय," राही म्हणाली. "बारावी झालेय."

"मग नाही जमणार." ते हळू बोलले, पण बोलले. "पुढे का नाही शिकलीस?"

"लगीन झालं."

"आणि आता कुठे असतेस?"

राहीने ग्लोव्ह घातलेला हात उचलला आणि मृणालीकडे केला. "ह्यांच्याच घरात."

मृणालीने तोंड उघडलं होतं. नियमाबद्दल काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. ते तसंच राहिलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते बूट झटकत लाँचकडे निघाले.

कॉलेजातल्या मुली सतराच भरल्या; त्या वर्षी संघ उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीराबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती. मृणाली तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, जूनमध्ये राहीचं नाव कॉलेजात घालूया."

नीराबाईने दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून वलांडीच्या दोरीवर टाकले. ती चिडेल असं मृणालीला वाटलं होतं. ती चिडली नाही.

"घाल की," ती म्हणाली. "मग मावरं निवडायला, बाजारात बसायला माझ्यासंगं कोन?"

विद्यापीठासाठी मृणालीकडे पुष्कळ उत्तरं होती. आत राही भांडी घासत होती. घासता घासता ती थांबली.

मृणालीने कुडत्याच्या बाह्या वर सारल्या आणि बोंबलांची टोपली आपल्याकडे ओढली.