गेलेल्यांचा डबा

स्पीकर ऐकताना बाबांना खोलीत दुसरं माणूस चालत नसे. पोटची मुलगी म्हणून मलाही सवलत नव्हती. जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची कुजलेली फोमची कडा खरवडायची, नवी चिकटवायची, डिंक वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ती धरून ठेवायची, ही सगळी चिकटवाचिकटव माझी. ऐकणं त्यांचं. दार लोटून ते आत बसायचे आणि बाहेर येऊन निकाल सांगायचे. त्या निकालावर अपील नव्हतं.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लोकांनी कुठून कुठून सेकंडहँड घेतलेल्या स्टिरिओ स्पीकरच्या जोड्या इथे येतात. कुणाच्या एका बाजूचा आवाज गेलेला असतो, कुणाचा फाटका येत असतो. बाबांची पद्धत साधी होती. डावीकडची वायर उजव्या स्पीकरला लावायची, उजवीकडची डाव्याला. खरखर जर त्याच स्पीकरमधून येत राहिली तर दोष स्पीकरचा, दुसऱ्यातून यायला लागली तर दोष मागे अँप्लिफायरमध्ये. "अदलाबदल करून बघितल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी मान डोलावली होती. आणि त्यांच्यावर मात्र मी तीन वर्षं आळ घेऊन बसले होते.

आई शेवटचं वर्षभर मधल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, म्हणून उशाशी काचेचा ग्लास आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की ग्लासावर चमचा वाजवायचा, असं ठरलं होतं. तिथून दुकान बारा पावलांवर, मधलं दार त्या वर्षभर ऐकतानाही सताड उघडं. मी तेव्हा परगावी शाळेत मुलांची कवायत घ्यायचे आणि दर रविवारी घरी यायचे. दर रविवारी ती मला सांगायची, "ते ऐकत नाहीत ग."

आता, 'नवरा ऐकत नाही' हे कुठली बाई म्हणत नाही? मी त्याचा सगळे घेतात तोच अर्थ घेतला. दुकानात जाऊन बाबांना फैलावर घेतलं. ते म्हणाले, "ती बोलावतच नाही, तर मी काय ऐकू?" मला वाटलं, चूक ती चूक, आणि वर तोंड करून बोलतायत.

आई गेली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बाबा दुकानात कामाला बसले होते. मी पोचले तेव्हा मला तो चमचा तिच्या पांघरुणात सापडला. बाबा येईल त्याला सांगत होते, "झोपेत गेली. काही त्रास झाला नाही. झाला असता तर वाजवलं असतं तिने." मला राहवलं नाही. चारचौघांसमोर मी म्हटलं, "वाजवलं असेल. तुम्हाला तुमच्या त्या खोक्यांपुढे दुसरं काही ऐकू येतं का?"

पुढे मी नोकरी सोडून त्यांच्याजवळ येऊन राहिले, त्यांचं जेवणखाण बघितलं, त्यांच्या हाताखाली काम शिकले. पण ते वाक्य मी परत घेतलं नाही. त्यांनीही त्यांचं सोडलं नाही. 'वाजवलं असतं तिने.' तीन वर्षांत मी ते शंभरदा ऐकलं असेल. त्या एका वाक्याच्या आधारावर हा माणूस उभा आहे, हे मला कळत होतं. म्हणून राग असला तरी त्या वाक्याला पुन्हा हात लावला नव्हता.

मागच्या महिन्यात शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई स्पीकरची जोडी घेऊन आल्या. कडा तेवढ्या कुजल्या होत्या, बाकी माल उत्तम. कडा मी लावल्या. बाबांनी दार लोटून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "दोन्ही ट्वीटर गेलेत."

ट्वीटर म्हणजे खोक्यातला वरचा छोटा स्पीकर, फक्त बारीक आवाजाचा. मी मीटर लावून पाहिला, तर आतली तार शाबूत दाखवत होता. तसं मी म्हटलंही.

"मीटरला काय कळतंय?" बाबा म्हणाले. "तार शाबूत असते आणि आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. मीटर तार बघतो. आवाज कानानेच बघायचा असतो."

असं होतं हे खरंच आहे, त्यामुळे मी मीटर ठेवून दिला. बाबांनी शोधून शोधून दुसरे दोन ट्वीटर बसवले, चांगले दणकट आवाजाचे. जुने काढून नेहमीप्रमाणे पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख आणि 'गेला' असं लिहिलं आणि पत्र्याच्या डब्यात टाकले. निकामी भाग ते कधी फेकत नसत. त्या डब्याला आम्ही गेलेल्यांचा डबा म्हणायचो.

चौथ्या दिवशी बाई परत आल्या. आवाज बारीक, पण बोलणं ठाम. "आता नुसत्या सुया टोचतात कानाला. माझे जुने ट्वीटर परत बसवून द्या. ते चालू होते."

बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "चालू? बाई, मी चाळीस वर्षं हेच करतोय."

"असाल. मी तीस वर्षं मुलांचे सूर ऐकतेय. ते चालू होते."

बाबा लालबुंद झाले आणि उठून आत निघून गेले. मी बाईंना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. जेवणानंतर बाबा पडल्यावर डबा उघडला. बाईंना तोंडावर पाडायचं म्हणूनच उघडला, हे कबूल करते. आमच्या घराण्यात रागाला कमतरता नाही.

बाईंचा पहिला ट्वीटर जोडला, गाणं लावलं. तो बोलला. गाणारीचा श्वास, तारेवरून सरकलेलं बोट, सगळं स्वच्छ. दुसराही बोलला. मग मी डब्यात त्यांच्या आधी पडलेला काढला. तोही बोलला. त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा. तारखा बघत मी एकेक जोडत गेले आणि टेबलावर ओळीने मांडत गेले. सतरा गेलेले ट्वीटर, सतराही जिवंत. अठरावा मुका निघाला. त्याच्यामागचे सगळे खरोखरच मेलेले होते.

सतराव्यावरची तारीख मी पुन्हा वाचली. आई जायच्या आठ महिने आधीची होती.

माझा आवाज खणखणीत, मैदानावर ओरडून कमावलेला. तो त्यांना पोचत होता. वूफरची, म्हणजे खोक्यातल्या खालच्या मोठ्या स्पीकरची, घरघर पोचत होती. बारीक तेवढं सगळं गेलं होतं, हळूहळू, त्यांच्याही नकळत. त्यांनी प्रत्येक वेळी डावं-उजवं बदलून पाहिलं, वायरी बदलून पाहिल्या, सगळं नियमाने केलं. कान तेवढा कधी बदलून पाहिला नाही, कारण ऐकताना खोलीत दुसरा कान ठेवायचाच नाही हा नियमही त्यांचाच.

ते ऐकत नाहीत ग. आई नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगतच नव्हती. ती मला बिघाड सांगत होती, जसा होता तसा, सरळ शब्दांत. आणि मी शहाणी त्यांना रागे भरत होते. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिथेच टेबलावर डोकं टेकून बसले.

मग सुचलं ते एवढंच की हे बाबांना कळता कामा नये. कळलं, तर त्यांच्या त्या वाक्याचं काय? वाजवलं असतं तिने. बाईंचे ट्वीटर गुपचूप बसवून द्यायचे, उरलेले डब्यात परत टाकायचे, इथून पुढे काहीतरी सबब काढून ऐकायला मीही बसायचं. असं ठरवून मी आवरायला घेतलं, तर बाबा दारात उभे.

"कुठला लावलायस?"

"बाईंचा."

"बोलतोय?"

"नाही," मी म्हटलं. "गेलेलाच आहे."

ते येऊन बसले. ट्वीटरला कान लावला आणि आवाज वाढवला. अजून वाढवला. पार शेवटपर्यंत. तो ट्वीटर असा किंचाळला की माझे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले.

बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले.

त्यांनी आवाज कमी केला, पुन्हा वाढवला. माझा चेहरा पुन्हा आक्रसला. मी आवरू शकले नाही. मग त्यांनी टेबलावरची ओळ पाहिली. एकेक पट्टी वाचत ते सतराव्यापर्यंत गेले आणि तिथे थांबले. आयुष्यभर बिघाड शोधणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं?

ते उठून आत गेले, कपाटातून आईचा ग्लास आणि चमचा घेऊन आले आणि माझ्या हातात दिले. "तिच्या जागी जाऊन बस. मी इथे पाठ करून बसतो. वाजव."

"बाबा, नको."

"अदलाबदल केल्याशिवाय समजणार नाही. जा."

मी मधल्या खोलीत आईच्या पलंगावर बसले. दारातून त्यांची पाठ दिसत होती, ताठ, शाळेतल्या पोराची परीक्षेला असते तशी. मी चमचा वाजवला. थांबून पुन्हा वाजवला. मग जोरात, आणखी जोरात, काचेला तडा जाईल इतक्या जोरात.

"वाजव की," बाबा म्हणाले.

मी तोवर सात वेळा वाजवलं होतं. माझ्याच्याने पुढे होईना. ग्लास तसाच हातात घेऊन मी बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना जे हवं होतं ते कळलं.

त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "एकदा मी तिच्यावर ओरडलो होतो. म्हटलं, वाजवत नाहीस, आणि वर लेकीजवळ माझ्या नावाने बोटं मोडतेस. रडली होती ती." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "मग त्या दिवशी कशाला वाजवेल ग ती? कुणासाठी वाजवेल?"

मी त्यांच्या पायाशी बसले. चमचा तिच्या पांघरुणात होता, हे मला आठवत होतं. तो हातातून सुटून पडला की नुसता तिथे होता, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. तिने शेवटपर्यंत यांना हाक मारली असेल की हाक मारणंच सोडून दिलं असेल, यातलं कमी दुखणारं कुठलं, हे मला ठरवता येईना. पण ते वाट बघत होते, म्हणून मी त्यांचा हात धरला आणि तीन वर्षांपूर्वी चारचौघांसमोर म्हटलं होतं तेच हळूच म्हटलं, "वाजवलं असेल, बाबा."

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मला ते मोठ्याने म्हणावं लागलं.