न्हाणीघरातली दांडी

"बाबा, हलू नका ना."

"मी कुठं हलतोय? हात हलतोय."

बाबांनी हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की छोटीला हसू आवरेना. टेपचं टोक बोटांतून सुटलं आणि सर्रकन डबीत गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाबा न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला पाठ टेकून उभे होते, छोटी त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसली होती आणि तिची वही फरशीवर उघडी पडली होती. फरशीपासून कोपर एकशे आठ सेंटिमीटर. मनगट पंच्याऐंशी. तिने आकडे लिहिले, खाली रेघ मारली आणि रेघेखाली लगेच एक वळणदार आकृती काढायला घेतली, कारण रिकामा कागद दिसला की तिचा हात स्वस्थ बसत नसे.

"दांडीच लावायची आहे ना?" बाहेरच्या खोलीतून आईने शिवणयंत्र थांबवून विचारलं. "की राजवाडा बांधायचाय?"

"दुकानात मिळते ती दवाखान्यातल्यासारखी असते," बाबा म्हणाले. "घरात आर्किटेक्ट असताना आपण दवाखान्यातली दांडी का लावायची?"

"आर्किटेक्ट व्हायला अजून सात महिने आहेत तिला. तोवर आंघोळ नाही करणार तुम्ही?"

यंत्र पुन्हा सुरू झालं. आई लोकांचे तयार कपडे अंगाबरोबर करून द्यायची. कुणाची बाही आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. तिच्याकडे काम आलं की ते दुसऱ्या दिवशी गेलेलं असे. या घरात दिरंगाई कुणाकडून आली, हे तिला कधीच कळलं नाही.

छोटी नावालाच छोटी होती. उंचीत ती बाबांवर गेली होती, आणि बाबांची उंची म्हणजे एका अख्ख्या कचेरीच्या चेष्टेचा विषय होता. दप्तरखान्यात सगळ्यात वरच्या फळीवरची फाइल ते टाचा न उचलता काढून देत, म्हणून सगळे त्यांना 'शिडी' म्हणत. साहेबसुद्धा घंटी वाजवून "शिडीला पाठवा" म्हणायचे. याचा त्यांना राग तर सोडाच, अभिमान होता. मग कंपवात सुरू झाला. आधी उजवा हात, मग पाठीला बाक, मग पाय. चालता चालता पाय मध्येच जमिनीला चिकटत, विशेषतः दारापाशी. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. "माझ्या जागी त्यांनी खरीच शिडी विकत आणली," असं ते भेटेल त्याला सांगत आणि समोरचा हसायच्या आत स्वतः हसून घेत.

छोटी पहिल्या वर्षाला असताना कॉलेजात काम मिळालं होतं, घरातल्या एका माणसाची सगळी मापं घेऊन चित्र काढा. तिने बाबांना काढलं. कामं तपासणाऱ्या मॅडमनी लाल पेनने शेरा मारला, 'हा माणूस सरासरीत बसत नाही.' छोटी हिरमुसून घरी आली. बाबांनी मात्र तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि शेऱ्याखाली बोट ठेवून आईला वाचून दाखवला.

आता ती शेवटच्या वर्षाला होती, आणि न्हाणीघराची फरशी बाहेरच्यापेक्षा चार बोटं खोल होती. दारापासून नळापर्यंत जेमतेम दोन पावलं. पण बाबांना ती दोन पावलं म्हणजे रोज सकाळचा डोंगर झाला होता. तिथे धरायला दांडी हवी, एवढं साधं काम होतं.

पहिले नमुने तिने नुसते मिरवण्यासाठी काढले, हे कबूल करायला हवं. पितळी टोकं, लाटेसारखं वळण, एकात तर साबण ठेवायची जागाही होती. बाबा प्रत्येक चित्र नाकाशी धरून बघत आणि "वा" म्हणत. त्यांच्या हातात कागद थरथरायचा, त्यामुळे ती लाट खरीच हलतेय असं वाटायचं.

कॉलेजातही तिचं हेच चाललं होतं. शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प होता सार्वजनिक वाचनालय. उंच छत आणि मधोमध एक भलाथोरला जिना. मॅडम त्या जिन्याकडे बराच वेळ बघत बसल्या.

"जिना देखणा आहे. पण यावरून कोण जाणार आहे?"

"वाचक."

"कुठला वाचक? मला एकही माणूस दिसत नाहीये. पाच वर्षं झाली, तुझी चित्रं सुंदर होत चाललीत आणि त्यातली माणसं कमी होत चाललीत. पहिल्या वर्षी एक होता, उंच. तो कुठं गेला?"

छोटी त्या दिवशी रागावूनच घरी आली. चप्पल काढता काढता तिची नजर पॅसेजच्या भिंतीवर गेली. भिंतीवर डाग होते. बाबांच्या खोलीच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत, रंगावर तळहाताचे तेलकट, मळकट ठसे. काही फिके होते, काही काळपट. वळणापाशी चार-पाच एकात एक मिसळले होते. न्हाणीघराच्या चौकटीपाशी तर रंग पार उडाला होता. आई ते दर महिन्याला पुसायची आणि ते पुन्हा उमटायचे. छोटी रोज त्यांच्याजवळून जात होती, पण ते तिने कधी नीट पाहिले नव्हते.

ती टेप घेऊन बसली. ब्याण्णव, ब्याण्णव, एक्क्याण्णव, ब्याण्णव. बाबांच्या हाताने जागा कधीच ठरवून टाकली होती, हिनेच विचारलं नव्हतं.

तिने लाटा फाडून टाकल्या. भिंतीचं जसंच्या तसं चित्र काढलं, प्रत्येक डागाच्या जागेसह, आणि त्या डागांवरून एक रेघ ओढली. न्हाणीघरातली दांडी त्याच उंचीवर. पुढच्या आठवड्यात वाचनालयाचा जिनाही तिने मोडला. त्या जागी दारापासून शेवटच्या कपाटापर्यंत एकसंध कठडा आला, हात कुठेही सोडायला न लावणारा. कडेच्या भिंतीवर तिने तळहातांचे डागही काढले. मॅडमनी ते चित्र पाहिलं आणि जाताना म्हणाल्या, "हे जपून ठेव. आता कुठं तुझं काम सुरू झालंय."

छोटीचे पाय त्या दिवशी जमिनीवर ठरेनात. पण खरं सांगायचं तर इथूनच घात झाला. आधी ती दांडीचं काम शोभेसाठी लांबवत होती, आता दांडी परिपूर्ण व्हावी म्हणून लांबवू लागली. बाबांच्या मुठीत ओली माती देऊन तिने ठसा घेतला. बोटांच्या चार खोलगट खुणा लाकडात उतरवायच्या, म्हणजे मूठ आपोआप जागेवर बसेल. हात थरथरल्यामुळे पहिला ठसा फार रुंद आला. दुसराही. तिसरा जमला.

"आम्ही आधी कच्चा टाका घालतो," आई सुईत दोरा ओवत म्हणाली. "अंगावर घालून बघायचं, मग पक्की शिलाई. तू नुसती मापंच घेत बसलीयेस."

"होईल गं, आई. पंधरा दिवस."

"पंधरा दिवस तू मागच्या महिन्यातही म्हणाली होतीस."

दोन दिवसांनी आईने बाजारातून दुकानातली दांडी आणली. स्टीलची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत चार स्क्रू. बाबांनी ती तिच्या हातातून घेतली आणि शिवणयंत्रामागच्या फळीवर ठेवून दिली.

"पोरीचा हिरमोड होईल. थांब थोडे दिवस."

छोटीने आतल्या खोलीतून हे ऐकलं. ऐकून तिला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला झोप लागली नाही ती बाबांच्या पडण्यामुळे नव्हे, या बरं वाटण्यामुळे.

दांडी कॉलेजच्या सुतारशाळेत तयार झाली. जुन्या दरवाजाचं सागवान होतं. पाण्यात टिकावं म्हणून पॉलिशचे तीन हात द्यायचे ठरले होते. दोन देऊन झाले होते. सोमवारी दुपारी सुतारकाकांनी ती उजेडात धरून फिरवली आणि तिच्या हाती दिली.

"घेऊन जा आज. काम चोख झालंय. तिसरा हात भिंतीवर लावल्यावर मार."

"भिंतीवर एकसारखा बसत नाही, काका. बुधवारी नेते."

"बरं," काका म्हणाले. "तुझी दांडी, तुझी मर्जी."

मंगळवारी सकाळी साडेनऊला आईचा फोन आला. कुणीतरी कपडे न्यायला आलं होतं म्हणून ती दाराशी गेली होती, तेवढ्यात बाबा एकटेच आत शिरले. हात भिंतीवर नेहमीच्या जागीच टेकवला होता. भिंत ओली होती. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात छोटीने दांडी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. का नेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाबांना नवी वस्तू बघून नेहमी आनंद व्हायचा, एवढंच तिच्या डोक्यात असावं. त्यांनी पडल्या पडल्या हात पुढे केला. चारही बोटं एकेक करून खाचांत उतरली, अंगठा वरून आला आणि मूठ मिटली. हात थरथरायचा थांबला.

"बसली बघ," बाबा म्हणाले.

छोटीने ओढणीने डोळे पुसले.

"रडतेस काय? चांगली झालीये. कधी लावतेस?"

"तुम्ही घरी आलात की लावू."

"असं कसं? आधी लाव. मग येतो."

ती तशीच उठून घरी गेली. शेजाऱ्यांकडून ड्रिल मागून आणलं, ब्याण्णववर खूण केली, चार भोकं पाडली, दांडी बसवली, तिच्यावर अंगाचा भार टाकून पाहिला. पक्की होती. वीस मिनिटं लागली. चार महिने आणि वीस मिनिटं. ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसली आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली, दवाखान्यात न्यायचा डबा भरायला घरी आलेल्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

बाबा आले नाहीत. शस्त्रक्रिया झाली, मग छातीत कफ भरला, आणि एकोणिसाव्या दिवशी सगळं संपलं. दप्तरखान्यातली माणसं आली होती. त्यातल्या एकाने छोटीजवळ येऊन सांगितलं, "वरच्या फळीवरचं अजून काही सापडत नाही आम्हाला." त्याला आणखी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

ज्युरी, म्हणजे प्रकल्पाची तोंडी परीक्षा, पुढे ढकलून मिळत होती, पण छोटीने ती वेळेवर दिली. बाहेरून आलेले परीक्षक त्या कठड्याच्या चित्रावरून बोट फिरवत राहिले. "भिंतीवरचे हे डाग दाखवायचं धाडस पाच वर्षांत कुणी केलं नव्हतं," ते म्हणाले. "कुठून सुचलं?"

"घरातून," छोटी म्हणाली.

वर्गात तिला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला, मैत्रिणींनी मिठ्या मारल्या. तिला मात्र कुणाच्या तरी खिशातलं काढून घेतल्यासारखं वाटत होतं. गुणपत्रिका घरी आणून तिने कपाट उघडलं, आतला लाल शेऱ्याचा कागद पाहिला आणि गुणपत्रिका त्याच्याशेजारी न लावता खालच्या खणात ठेवली.

आईने ती दांडी कधी वापरली नाही. झाडताना, पुसताना तिच्या खालून हात घालून पुसायची. घरात दोघीच उरल्या होत्या.

मग एका दुपारी छोटीला न्हाणीघराच्या चौकटीपाशी नवा डाग दिसला. ठसा लहान होता, बोटं आखूड. दांडीच्या बराच खाली.

"आई, तू भिंत धरून आत जातेस?"

"गुडघा धरतो कधीकधी. त्यात काय."

"दांडी का नाही धरत?"

आई बाबांच्या जेमतेम खांद्याला लागायची. तिने हात उचलून दांडीवर ठेवला तेव्हा कोपर वर आलं आणि खांदाही वर चढला. बोटं खाचांच्या मध्येच कुठेतरी पडली. तिने हात लगेच काढून घेतला.

"त्यांच्या मापाची आहे ती," ती म्हणाली. "माझी कशी होईल."

मग आई भिंतीकडे बघत म्हणाली, "तू एकटीच मनाला लावून घेऊ नकोस. त्यांनी थांब म्हटलं आणि मी थांबले. चार स्क्रू मला मारता आले नसते का? इतकी वर्षं लोकांची मापं घेतेय मी."

छोटी बाहेरच्या खोलीत गेली, शिवणयंत्रामागच्या फळीवरून स्टीलची दांडी काढली. पिशवीवर धूळ बसली होती. चारही स्क्रू आत होते. परत येऊन ती आईच्या पायाशी गुडघ्यांवर बसली.

"हात सैल सोड. हलू नकोस."

"मी नाही हलत," आई म्हणाली. "तुझी टेप हलतेय."

छोटीने टेपचं टोक अंगठ्याने फरशीशी घट्ट दाबलं. अठ्ठ्याहत्तर. तिने वही शोधली नाही. भिंतीवरच पेन्सिलीने खूण केली आणि ड्रिल मागायला शेजारी गेली.

चहाच्या वेळेला स्टीलची दांडी जागेवर होती. आईने ती दोनदा ओढून पाहिली आणि आंघोळीला जाताना धरली. वरच्या दांडीवर टॉवेल टाकायला छान जागा होती, पण आईने टॉवेल दारामागच्या खिळ्यालाच लावला.