होल्डवरची शिट्टी

कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाव पडलं ते टेलिफोनमुळे. रिसीव्हर कानाला लावायचा, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं आणि सांगायचं, "जॉइंटमध्ये पाणी शिरलंय," नाहीतर, "वायर उंदरानं कुरतडलीय." आणि खरंच तसं निघायचं. पुढे तारांचे फोन गेले, इंटरनेटवर चालणारे आले, पोरंसोरं लॅपटॉप घेऊन फिरायला लागली, तरी कानसेन आधी कान लावायचा आणि मग लॅपटॉप उघडायचा. माणसाला एकदा नाव पडलं की ते सांभाळत बसावं लागतं. सगळा घोळ तिथेच होतो.

तर मालवाहतुकीच्या एका ऑफिसातून तक्रार आली होती. फोन होल्डवर टाकला की पलीकडच्याला गाणं ऐकू जायचं, आणि गाण्याबरोबर एक शिट्टी. बारीक, सलग, डोक्यात जाणारी. लोक वैतागून फोन ठेवून देत, मग पुन्हा लावून रिसेप्शनवरच्या बाईंवर तोंडसुख घेत. कानसेन दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं आणि दोन्ही वेळा त्याने शेरा मारला होता, 'दोष आढळला नाही.' तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा साहेब म्हणाले, "आता काम झाल्याशिवाय परत येऊ नका."

"आलात?" बाई म्हणाल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या शिव्या ऐकून थकलेला चेहरा होता तो.

"आलो. पण शिट्टी काही सापडायची नाही, बघा."

"सापडायला ती हरवलीय कुठे? इथेच आहे."

शेजारच्या टेबलावरून त्याने बाईंना फोन लावला, बाईंनी तो होल्डवर टाकला. कुठलीशी संथ बासरी सुरू झाली. कानसेनने डोळे मिटले. बासरी वर गेली, खाली आली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बस्स. बाईंनी उठून त्याच्या हातातला रिसीव्हर घेतला, कानाला लावला न लावला तोच तोंड वाकडं केलं आणि परत दिला. "ही काय."

त्याने गाणं बदललं. फोन बदलला. केबल बदलली, केबल जिथे जाते ते भोक बदललं, सर्व्हर बंद करून चालू केला. तेवढ्या वेळात ऑफिसातले सगळे फोन मेले आणि आतून कुणीतरी ओरडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा सगळा कारभार चालला होता. दर वेळी बाई ऐकायच्या, मान हलवायच्या. दर वेळी त्याला नुसती बासरी.

"रागावू नका, बाई," तो शेवटी म्हणाला, "पण तुमचे कान वाजत असतील."

"माझे वाजत असतील. फोन करणाऱ्या सगळ्या गावाचेही वाजतायत का?" बाई वळून स्वतःच्या खुर्चीकडे जाता जाता म्हणाल्या. शेवटचं काही त्याला नीट कळलं नाही. हल्ली माणसं बोलतातच तोंडातल्या तोंडात, असं त्याचं ठाम मत होतं. बसचा कंडक्टर, बँकेतली मुलगी, बातम्या सांगणारे, सगळे. बोलायला कुणी शिकवतच नाही आता, म्हणायचा.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. त्याने पिशवीतून पाव आणि केळं काढलं. बाई समोर डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि राग जरा बाजूला ठेवला.

"घरी कुणी नाही का डबा देणारं?"

"बायको होती. गेली, दोन वर्षं झाली. मेहुणी होती, तीही गेली."

"अरेरे. तीही?"

"तशी नव्हे. निघून गेली." तो पाव मोडत राहिला. "धाकटी म्हणतो आम्ही तिला. आईबाप लवकर गेले, हिनंच तिला वाढवलं. आमच्याच घरात. आम्हाला मूल नव्हतं, तेव्हा तीच काय ती. हिच्या आजारपणात रात्रंदिवस तिनं केलं. ही गेल्यावर मी विचार केला, आता घरात मी विधुर, ती एकटी. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आणि तिनं तरी किती दिवस दुसऱ्याच्या चुलीपुढे बसायचं? म्हटलं, तू आता तुझं बघ. चांगल्या मनानं म्हटलं हो. त्याच संध्याकाळी पिशवी भरली तिनं. तेव्हापासून बोलत नाही. फोन केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देते."

"काहीतरी लागलं असेल मनाला."

"काय ते सांगायचं तरी. तीस वर्षं पोटच्या पोरीसारखी होती. माझा अपराध कळला तर पाय धरीन तिचे. रोज संध्याकाळी दार उघडलं की घर अंगावर येतं, बाई."

परक्या बाईपुढे हे का बोललो, म्हणून त्याला लाज वाटली आणि तो जरा जास्तच जोरात कामाला लागला. त्याने ठरवलं, आता होल्डचा आवाज लॅपटॉपवर रेकॉर्डच करायचा आणि साहेबांना पाठवून द्यायचा. शिट्टी नाही याचा पुरावा. म्हणजे एकदाची कटकट मिटेल.

आवाज पडद्यावर चित्रासारखा दिसतो, ते त्याला माहीत होतं. फारसं कधी वापरलं नव्हतं इतकंच. त्याने रेकॉर्डिंग उघडलं. खाली बासरी दिसत होती, वर चढणारी, खाली उतरणारी, मध्येच तुटणारी. आणि तिच्या पुष्कळ वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ पांढरी रेघ.

पडद्यावर ओरखडा असेल, असं त्याला वाटलं. त्याने रुमालाने पुसला. रेघ पुसली गेली नाही. चित्र सरकवलं तर रेघही सरकली.

मग त्याने बासरी सगळी कापून टाकली. फक्त रेघ ठेवली. लॅपटॉपचा आवाज पूर्ण मोठा केला आणि बटण दाबलं.

ऑफिस शांत होतं. पडद्यावरचा काटा रेघेवरून पुढे सरकत होता आणि कानसेनला वाटलं, मशीन बिघडलं, काहीच वाजत नाही. त्याने कान लॅपटॉपला अगदी टेकवला. तेवढ्यात त्याचं लक्ष समोर गेलं. बाईंनी दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. खिडकीशी बसलेला हिशेबनीस मान वर करून बघत होता. आतल्या केबिनचं दार उघडलं. बाईंचे ओठ हलत होते, "बंद करा हो, बंद करा ते."

त्याने बंद केलं. बंद केल्याने त्याच्यासाठी काहीच बदललं नाही. जशी शांतता होती तशीच राहिली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "एवढं पांढरं पडायला काय झालं तुम्हाला?"

"काही नाही. सापडली," तो म्हणाला.

उरलेलं काम त्याने डोळ्यांनी केलं. गाणं ज्या छोट्या प्लेअरमधून येत होतं त्याचा चार्जर कुणीतरी रस्त्यावरून स्वस्तात घेतलेला होता. तेवढं एकच त्याने तीन खेपांत बदललं नव्हतं. तो उपटला आणि पडद्यावरची रेघ गेली. चांगला चार्जर लावला. रेघ आली नाही. बाईंनी रिसीव्हर कानाला लावला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. बाई काहीतरी चांगलं बोलल्या असाव्यात, कारण हसल्या.

"हो, हो," कानसेन म्हणाला.

आणि म्हणता म्हणता तो थबकला. हे 'हो, हो' त्याने किती जणांना म्हटलं होतं? न कळलेल्या प्रत्येक बोलण्याला तो हेच म्हणत आला होता. कंडक्टरला, शेजाऱ्यांना, साहेबांना. समोरचा खूश होतो, आपलीही सुटका होते. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. सगळं जग पुटपुटत होतं आणि फक्त त्याचेच कान शाबूत होते म्हणे.

जिना उतरताना त्याला बायकोची खोली आठवली. तिचा आवाज शेवटी अगदी पातळ झाला होता. आवाजच गेलाय तिचा, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. शेवटच्या दिवसांत एकदा तिने त्याचं बोट धरलं आणि कितीतरी वेळ काहीतरी सांगितलं. धाकटी उशाशी उभी होती. सांगून झाल्यावर बायकोने त्याच्याकडे उत्तरासाठी पाहिलं. आणि तो म्हणाला होता, "हो, हो. तू आराम कर."

आवाज गेला नव्हता तिचा. धाकटी ऐकत होती की. जिन्याच्या मधल्या पायरीवर तो मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. वर येणारी माणसं कडेकडेने गेली.

धाकटी एका गल्लीत कपडे ऑल्टर करून द्यायची. पुढे शिलाईचं मशीन, मागे पडदा लावून राहायची जागा, भिंतीला ग्राहकांसाठी उभा आरसा. तो दारात आला तेव्हा ती कुणाच्यातरी पँटची शिलाई उसवत होती. तिने मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. केस पांढरे झाले होते तिचे. त्याच्या घरात असताना नव्हते.

"धाकटे, एकच विचारायला आलोय. ते सांग, मग मी जातो. तुझी ताई शेवटी मला काय म्हणाली होती?"

तिचे हात थांबले. या वेळी ती मोठ्याने बोलली, रागाने माणूस मोठ्यानेच बोलतो. "तुमच्याच हाताला धरून म्हणाली होती, भाऊजी. मला काय विचारता? ऐकून न ऐकल्यासारखं करायचं आणि वर दोन वर्षांनी चौकशी करायची?"

"मला ऐकू आलं नव्हतं."

"हो म्हणालात तुम्ही. दोनदा म्हणालात."

ती उठली आणि त्याच्याकडे पाठ करून फळीवरचे कपडे आवरू लागली. मग आरशात त्याला तिचं तोंड दिसलं. ओठ हलत होते. ती बोलत होती, त्याच्याशीच बोलत होती, आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. रस्त्यावरून जाणारा ट्रक त्याला ऐकू आला. ती नाही.

"धाकटे," तो म्हणाला, "तू आत्ता काहीतरी बोललीस. आरशात दिसलं म्हणून कळलं. काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही."

ती वळली. हातातला कपडा खाली पडला, तो तिने उचलला नाही.

"चालते व्हा म्हणाले," ती म्हणाली. "तीनदा म्हणाले."

"मग गेलो असतो गं."

धाकटी मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. पदराने तोंड दाबून घेतलं तिने. मग स्टूल ओढून अगदी त्याच्या समोर आणलं आणि बहिऱ्याला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "ताई म्हणाली, धाकटीला कुठं पाठवू नका. माझ्यामागे तिला कुणी नाही आणि तुम्हालाही कुणी नाही. लोक बोलतील ते बोलू देत. मला शब्द द्या. आणि तुम्ही दिलात."

धाकटी थांबली नाही.

"जायच्या दिवशी दारात चपला घालताना मी विचारलं होतं तुम्हाला. ताईला दिलेला शब्द आठवतो ना, म्हणून. वाटलं, एवढं म्हटल्यावर तरी थांबवाल. तुम्ही आतून म्हणालात, हो, हो."

हे त्याला सगळं ऐकू आलं. एकही अक्षर सुटलं नाही. बायकोच्या मरणाच्या वेळी आलं नव्हतं इतकं रडू त्याला आता आलं, आणि धाकटीनेही त्याला रडू दिलं. नंतर तिने माठातलं पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "चल घरी. मी तिला दिलेला शब्द मोडला, आता तरी पाळू दे."

धाकटीने खोलीभर नजर फिरवली. मशीन, फळी, उसवलेली पँट, पडद्यामागची खाट. मग मान खाली घालून ती काहीतरी बोलली, अगदी हळू.

हो, हो, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्याने ते गिळलं, पुढे वाकला आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय म्हणालीस?"

"आता फार उशीर झाला म्हणाले, भाऊजी," धाकटी म्हणाली.