उलटी यादी

ते २०२३ साल. विलासना अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले होते. के. आर. पुरमच्या फिजिओथेरपी केंद्रात आम्ही सातला जाऊन बसायचो आणि नंबर लागायचा अकराला. तोवर हे इतके थकायचे की उजवा हात उचलवत नसे. सहा महिन्यांत हात आला तर आला, असं डॉक्टर म्हणाले होते.

दोष तिथल्या सॉफ्टवेअरचा. यादी उलटी यायची. शेवटी नोंदवलेला पहिला. आणि ते बनवणाऱ्या महादेवपुऱ्यातल्या कंपनीत माझी भाची भार्गवी नोकरीला!

"पाच मिनिटांचं काम आहे, मावशी. पण करणार नाही."

"काकांसाठीसुद्धा?"

"ही आवृत्ती चाळीस केंद्रांत चालू आहे. जिवाला धोका असेल किंवा माहिती पुसली जात असेल, तरच आम्ही तिला हात लावतो. बाकीचं पुढच्या आवृत्तीत, तपासून, सगळ्यांना सांगून."

"चूक ती चूक!"

"इथल्याच शिवाजीनगरच्या केंद्रात नागराजअण्णा नोंदणीला असतात. त्यांना विचार जा."

गेले मी, तणतणत.

नागराज हसले. "अक्का, म्हाताऱ्यांची नावं मी मुद्दाम शेवटी घालतो. ते वर येतात, लवकर सुटतात. कुणी गुपचूप यादी सुलटी केली, तर माझे म्हातारे बसले की दुपारपर्यंत!"

परतताना बसमध्ये आमचा टेलिफोनचा कारखाना आठवला. १९७४ साली, तिथे नोकरीला नवी असताना, एका मॉडेलमधल्या उलट जोडलेल्या दोन तारा मी परस्पर सरळ केल्या. बाहेरचे लाइनमन तो उलटेपणा धरूनच जोडणी करायचे. पन्नास घरांतले फोन मुके झाले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी केंद्राच्या दारात बसले. येईल त्याचं नाव लिहिलं. आठ वाजता, सगळे आल्यावर, नोंदणीवाल्या धनलक्ष्मीला म्हटलं, "मी खालून वर वाचते, तू टाइप कर."

"रोज करणार अक्का? स्वल्प दिवसांनी कंटाळाल."

"बघू कोण कंटाळतं ते."

एकही दिवस चुकवला नाही.

नवी आवृत्ती पुढच्या एप्रिलात आली, महिनाभर आधी सगळ्या केंद्रांना कळवून. नागराजनी त्यात म्हाताऱ्यांसाठी वेगळी खूण करून घेतली आणि मगच निवृत्त झाले. धनलक्ष्मीनं माझी वही ठेवून घेतली. वीज गेली की काढते. विलास उजव्या हातानं दाढी करतात, हनुवटी थोडी राहते. भार्गवी कंपनीतल्या नव्या मुलांना माझ्या मुक्या फोनांची गोष्ट सांगते. आकडा मात्र पाचशे सांगते.